बोट ठेवून दाखवलेली भिंत

मी बायकोशी एकच मोठं खोटं बोललो. बारीकसारीक पुष्कळ बोललो असेन, ते कोण बोलत नाही. पण हे एक मोठं होतं आणि ते तसंच राहिलं. बाईचं नव्हतं, दारूचं नव्हतं. एका किल्ल्याचं होतं.

मी गवंडी. चिऱ्याचं बांधकाम बापाच्या हाताखाली शिकलो, शाळा चौथीपर्यंत. गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठाला. मुलगा दोन वर्षांचा असताना मी मस्कतला उतरलो आणि तिथून आत, इब्रीकडे गेलो. आमच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, एका जुन्या किल्ल्याच्या दुरुस्तीचं काम मिळालं होतं. मातीच्या रंगाचा किल्ला, टेकाडावर, खाली खजुराची झाडं आणि पडकी घरं. मी घरी पत्र टाकलं की राजाच्या किल्ल्याचं काम करतो. ते तेव्हा खरं होतं.

चार महिने खरं होतं. मग ते काम दुसऱ्या कोणाकडे गेलं. अर्बाब म्हणाला, खलास, आणि आम्हाला पिकअपमध्ये घालून दुसरीकडे नेलं. त्यानंतर मी न्हाणीघरांच्या लाद्या बसवल्या, कंपाउंडच्या भिंती घातल्या, टाक्या बांधल्या. पत्रात मात्र किल्ला चालूच राहिला. काय लिहिणार होतो, आज संडासाला फरशी लावली म्हणून?

दोन वर्षांनी पहिल्या सुट्टीवर गावी गेलो. इब्रीत गाड्यांच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं, मलबारी माणूस चालवायचा. त्याने मला एक कॅलेंडर दिलं होतं. मोठा गुळगुळीत कागद, बारा महिन्यांची बारा चित्रं. सगळी जपानची, हे त्यानेच सांगितलं होतं, कारण गाड्या जपानच्या. त्यात एका महिन्यावर किल्ला होता. उंच डोंगर, खाली ढग पसरलेले, आणि ढगांच्या वर पांढऱ्या भिंतींचा, काळ्या कौलांचा किल्ला. खाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ.

बायकोने बॅग उपसताना ते बाहेर काढलं. गुंडाळी सारखी मिटत होती म्हणून जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांना वाट्या ठेवल्या. पानं उलटत उलटत त्या किल्ल्याशी आली आणि थांबली. मला म्हणाली, "ह्यो का तुमचा किल्ला?"

मी प्रवासाने मोडून गेलो होतो. आणि त्या वर्षी मी शेवटचं काय बांधून आलो होतो, तर एका माणसाच्या बकऱ्यांचा गोठा. मी हो म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित दोन दिवसांनी हसून सांगता आलं असतं. पण ती म्हणाली, यातलं तुम्ही काय केलंत ते दाखवा. मी चित्रावर बोट ठेवलं. किल्ल्याच्या डाव्या अंगाला झाडीतून वर आलेली एक दगडी भिंत होती. ही, म्हणालो. बोट ठेवायला नको होतं.

तिने ते पान कापून माजघरात लावलं. वर्ष सरलं, पान तिथंच. सणाला देवांना हळदकुंकू वाहिलं की एक बोट त्या भिंतीलाही लागायचं. मी पुढच्या सुट्टीला गेलो तर त्या जागी कुंकवाचा लाल डाग पडलेला. आल्यागेल्या बायकांना ती तिथंच बोट ठेवून दाखवायची, ही यांनी घातलेली भिंत. गावात माझं नाव किल्लेदार पडलं. चहाच्या टपरीवर गेलो की, या किल्लेदार, बसा किल्लेदार. मी बसायचो. आधी लाज वाटायची. मग सवय झाली, आणि सवय झाली हे त्याहून वाईट.

पंचवीसेक वर्षं मी ओमानात काढली, कधी इब्री, कधी सूर, शेवटी मस्कत. हात थरथरायला लागला, ओळंबा धरला की हलायचा, तेव्हा गावी परत गेलो. तोवर मुलगा शिकून मस्कतला नोकरीला लागला होता, मशिनांच्या कंपनीत. लग्न झालं, मस्कतमध्येच रुवीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं भाड्याने, आणि आम्हा दोघांना बोलावून घेतलं. म्हातारपणी बायको पहिल्यांदा विमानात बसली. तिच्या पिशवीत आमसुलं, कुळथाचं पीठ आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते पान. म्हणाली, आता प्रत्यक्ष बघून येऊ.

रुवीच्या घराच्या खिडकीतून डोंगर दिसतात, उघडे, करपलेले. त्यांच्यावर जागोजागी जुने बुरूज आहेत. मुलगा सुट्टीला आम्हाला गाडीतून समुद्राकडे न्यायचा तेव्हाही किल्ले दिसायचे. ती काच खाली करून बघायची. एकदा म्हणाली, इथले किल्ले सगळे मातीच्या रंगाचे, तुमचाच तेवढा पांढरा कसा? मी म्हणालो, त्याला चुना आहे. तिने मान हलवली.

मग दर शुक्रवारी विचारायला लागली. शुक्रवारी सगळे घरी असतात. नाश्ता झाला की बशा उचलता उचलता म्हणायची, आज नेताय का किल्ल्यावर? मी म्हणायचो ऊन आहे. मग म्हणालो गुडघा धरलाय. एकदा म्हणालो वादी आली, रस्ता वाहून गेला. वादी म्हणजे इथले कोरडे ओढे, पाऊस पडला की फुगतात. त्या आठवड्यात आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. मुलगा पेपरात तोंड घालून बसला होता, सून चहा गाळत होती. ती म्हणायची, बरं, पुढच्या शुक्रवारी.

आठ महिने ती माझ्याबरोबर रुवीत होती. मग एका सकाळी भाकरी थापताना तिचा डावा हात खाली आला आणि ती ओट्याला टेकून बसली. डोक्यात रक्त साकळलं म्हणाले डॉक्टर. नऊ दिवस दवाखान्यात. बोलता येत नव्हतं, डोळे उघडे असायचे. मी खुर्ची ओढून बसायचो. चौथ्या की पाचव्या दिवशी मी ठरवून गेलो होतो. म्हणालो, "अगो, तो किल्ला," आणि तेवढ्यात नर्स आली, तोंडातली नळी साफ करायला, आणि मला बाहेर उभं केलं. परत आत गेलो तेव्हा डोळे मिटलेले. उद्या सांगू म्हटलं. उद्या मुलगा होता बरोबर, त्याच्यापुढे कसं बोलायचं. असे दिवस गेले. ती गेली. अग्नी इथंच दिला, अस्थी गावच्या खाडीत.

ते पान तिच्या गादीखाली सापडलं.

दीड वर्ष झालं. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला मुलाच्या कंपनीने त्याला जपानला पाठवायचं ठरवलं, दोन आठवडे, नवी मशिनं शिकायला. त्याने सुनेचं आणि माझं तिकीट स्वतः काढलं. मी म्हणालो मी काय करू तिकडे, मी इथं राहतो. तो म्हणाला तुम्ही एकटे गॅस चालू ठेवून झोपता. मग जेवताना, ताटाकडे बघतच म्हणाला, "चला बाबा, तुम्ही बांधलेला किल्ला बघून येऊ."

मी घास तसाच धरला. तो थोडा हसत होता, वाईट नाही, लहानपणी चिंच चोरताना पकडला की हसायचा तसा. त्याने सांगितलं की आठवीत असतानाच त्याने चित्राखालची ओळ वाचली होती. मी विचारलं, मग आईला का नाही सांगितलंस? म्हणाला, ते तुम्ही सांगायचं होतं. त्याचं बरोबर होतं. मी भात कालवत बसलो.

म्हणून गेलो. तिला दाखवता आलं नाही, सांगता आलं नाही. निदान जिथं बोट ठेवलं तिथं जाऊन उभं राहू, आणि जे काय आहे ते तिथं तोंडाने बोलू, असं मनात होतं. ऐकणार कोण, ते मला कळत होतं. पण दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

मुलाचं शिकणं संपल्यावर एकच दिवस मोकळा होता. दोन गाड्या बदलून आम्ही त्या किल्ल्याच्या गावी उतरलो. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, नदीच्या कडेने गाव. इतकं हिरवं मी खूप वर्षांत पाहिलं नव्हतं, डोळ्यांना बोचायला लागलं. रस्त्याच्या कडेने दगडी पाट, पाटात स्वच्छ पाणी, पाण्यात मासे. कोणी धरत नव्हतं. जुनी लाकडी घरं, काळी कौलं, निम्म्या दुकानांची दारं बंद. रस्त्यावर जी माणसं दिसली ती सगळी माझ्या वयाची. एक बाई कमरेत वाकलेली, ढकलगाडी धरून चालली होती. सून म्हणाली, इथली तरुण मुलं मोठ्या शहरात गेलीत म्हणे. मला आमच्या गावची दुपार आठवली, तिथं पण आता असंच.

स्टेशनाजवळ प्रवाशांना माहिती द्यायची खोली होती. आत एक म्हातारी, गळ्यात रुमाल, आम्हाला बघून तीनदा वाकली. मला काय करावं कळेना, मी हात जोडले. मग मी पिशवीतून ते पान काढून टेबलावर पसरलं. कागद पिवळा पडलेला, घड्यांवर चिरलेला, भिंतीवर कुंकवाचा डाग. तिने तोंडावर हात धरला. आतून दुसऱ्या एका माणसाला बोलावून दाखवलं. ते दोघं त्या डागाकडे बघून आपसात काही बोलले. सुनेने मोबाइल पुढे केला, त्यात बोललं की तो आपल्याला समजेल असं करून सांगतो.

मोबाइल बोलला, सून ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरला. मी म्हणालो, काय ते सांग.

म्हणाली, बाबा, हे चित्र किल्ल्यावरून दिसत नाही. ते समोरच्या दुसऱ्या डोंगरावरून काढलंय. तिथंच जावं लागतं, आणि ते पण थंडीच्या सुरुवातीला, पहाटे, ढग खाली उतरले तर. आता या महिन्यात ढग नसतात. आणि किल्ल्यावर गेलं की किल्ला असा दिसतच नाही, कारण आपणच त्याच्यावर असतो.

ते ऐकून मला हसू आलं, म्हणजे हसण्यासारखं काहीतरी. आयुष्यभर बांधकाम केलं आणि एवढं लक्षात आलं नाही. भिंत घालणाऱ्याला भिंत कधी पूर्ण दिसत नाही, ती दिसायला लांब जावं लागतं. मुलाने घड्याळ बघितलं. परतीची गाडी चारची होती, दुसरा डोंगर होणार नव्हता. तो म्हणाला, आता आलोय तर यल्ला, चला, हा तरी चढू.

त्याआधी एका ठिकाणी जेवलो. चार टेबलांची खानावळ, म्हातारा चुलीपाशी, म्हातारी वाढायला. भात, कसलंसं सूप आणि बांगडा. खराखुरा बांगडा, मीठ लावून भाजलेला, तिखट नाही, कोकमाचं आगळ नाही, काही नाही. सून म्हणाली, छान आहे ना? मी म्हणालो, ती असती तर आत जाऊन त्यांना मसाला शिकवून आली असती. मुलगा हसला. ते दोघं म्हातारे एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. त्याने ताट उचललं की तिचा हात आपोआप तिथं यायचा. मी खिडकीकडे तोंड करून जेवलो.

अर्ध्या डोंगरापर्यंत लहान बस जाते. पुढे पायी. जिथं पायवाट सुरू होते तिथं एका पिंपात बांबूच्या काठ्या ठेवलेल्या, ज्याला लागेल त्याने घ्यायची, उतरताना परत ठेवायची. कोणी बघायला नाही, लिहून घ्यायला नाही. मी एक घेतली. वाट दगडी पायऱ्यांची, उंच पायऱ्यांची, दोन्ही बाजूंनी झाडी. दर वीस पावलांनी थांबावं लागत होतं. सून मागे होती, पडलो तर धरायला. मुलगा पुढे जायचा, परत खाली यायचा, चला बाबा आलंच म्हणायचा. आलेलं नसायचं. एक बाई दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन मला मागे टाकून गेली. ज्या पायांनी मी तीन तीन मजल्यांच्या परांच्यांवर सिमेंटच्या पाट्या वाहिल्या तेच हे पाय. त्यांना काही सांगून उपयोग नव्हता.

एका वळणावर पहिली भिंत दिसली आणि मी थांबलो ते दम लागला म्हणून नाही. मूळ कातळ होता, डोंगराचाच, आणि त्या कातळाच्या पाठीवर माणसांनी दगड रचत नेलेले. कातळ कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ते बोटाने चाचपल्याशिवाय कळत नव्हतं. मी चाचपलं. सांध्यात काही नव्हतं. चुना नाही, माती नाही, कोरडा दगड दगडावर. मागे बारीक खडी ठासलेली असणार, पाणी निघून जायला. कोपऱ्याचे दगड एक लांब एक आखूड असे आलटून पालटून घातलेले, एकमेकांना धरून. ते आम्हीही चिऱ्यात करतो, पण आमचा चिरा एका मापाने कापलेला असतो. इथं एक दगड दुसऱ्यासारखा नव्हता. भिंत खाली पसरट, वर जाताना आत कललेली, आणि ती कलती रेघ कुठे मोडलेली नाही. या देशात जमीन हलते. ही भिंत शेकडो वर्षं उभी आहे.

हे मला बांधता आलं नसतं. माझ्या बापालाही नसतं आलं. हे मी तिथंच मनाशी कबूल केलं, कारण ते कबूल करायला मला भारी गेलं नाही. जे भारी होतं ते वर होतं.

वर पोचलो. लहानसं मोकळं आवार आणि त्यात किल्ला, दोनच मजल्यांचा, चित्रात वाटतो त्याच्या निम्मा. पांढऱ्या भिंती, काळी कौलं. आत जायला चपला काढायच्या. माझ्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, सुनेने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आत अंधार, जुन्या लाकडाचा वास, वर जायला शिडीसारखा जिना. मुलगा चढला. मी दोन पायऱ्या चढलो आणि गुडघ्याने पुढे नाही म्हटलं. तसाच उलटा उतरलो, बाहेर आलो, चपला घातल्या. सून माझ्याबरोबर बाहेर आली.

मी पान काढलं आणि डावं अंग शोधायला लागलो. चित्र समोरच्या डोंगरावरचं, त्यामुळे डावं उजवं सगळं उलटंसुलटं होत होतं. मी कागद फिरवला, स्वतः फिरलो. सुनेने मदत केली, हे झाड धरा, हा कौलाचा कोपरा धरा. तीस वर्षांत झाडंही बदललेली. शेवटी आवाराच्या कडेला एक भिंत मिळाली, वरून खाली झाडीत उतरत गेलेली. तीच असावी. खात्री कोण देणार? मी तिच्यावर हात ठेवला. दगड उन्हाने कोमट झाला होता.

बोलायचं होतं ते तोंडाशी आलं नाही. सून शेजारी उभी होती, तिला जा म्हणणं बरं दिसलं नसतं. मी मनात जुळवत होतो, अगो, हे मी नाही केलं, असं काहीतरी. तेवढ्यात सून म्हणाली, "बाबा, आईंना माहीत होतं."

मी तिच्याकडे बघितलं.

तिने सांगितलं. आई रुवीला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका दुपारी ते पान घेऊन स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, खाली बारीक लिहिलंय ते वाच. तिने वाचलं. जपान म्हणजे कुठे, त्यांनी विचारलं. तिने मोबाइलवर नकाशा दाखवला, हे मस्कत, हे जपान, मध्ये एवढा समुद्र. आईंनी नकाशा बघितला, पान गुंडाळलं आणि तांदूळ निवडायला बसल्या.

मी म्हणालो, "दुसऱ्या महिन्यात?"

"हो."

"मग ती शुक्रवारी विचारायची ते?"

सून म्हणाली, "मी पण हेच विचारलं होतं त्यांना, की माहीत आहे तर दर शुक्रवारी का विचारता. त्या म्हणाल्या, इचारलं नाय तर ते सांगतील कसे?"

माझ्या हाताखाली ती भिंत होती. मी हात काढून घेतला.

म्हणजे सहा महिने, दर शुक्रवारी, बशा उचलताना ती मला दार उघडून देत होती, आणि मी म्हणत होतो ऊन आहे. वादी आली म्हणालो तेव्हा तिला माहीत होतं. चुन्याचं बोललो तेव्हा अजून नसेल, पण नंतर तेही कळलंच असणार. दवाखान्यात डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती तेव्हाही तिला माहीत होतं, आणि मी अगो तो किल्ला म्हणून थांबलो होतो. ती पुढचं ऐकायला थांबली असेल का, हे आता मला कोण सांगणार?

मी सुनेला म्हणालो, "तू मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतंस."

ती म्हणाली, "त्यांनी नको म्हटलं होतं." मग, तोंड दुसरीकडे करून, "आणि तुम्ही त्यांना सांगायला पाहिजे होतं, बाबा."

मला राग आला नाही. येण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिथं एक दगड होता, त्यावर बसलो. ती पण बसली. तिने तोवर कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, आणि सांगून टाकल्यावर ती रडत होती. म्हणाली, तुम्ही एवढ्या लांब यायला निघालात तेव्हाच सांगणार होते. रोज ठरवत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या घरात सगळेच रोज ठरवतात.

वरच्या खिडकीतून मुलाने हाक मारली. त्याला काही माहीत नव्हतं. त्याने मला खुणेने भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं आणि वरून फोटो काढला. मी उभा राहिलो, कारण नाही म्हणायलाही जोर लागतो.

उतरताना काठीवर सगळा भार टाकून उतरलो. समोर दुसरा डोंगर दिसत होता, हिरवागार, त्याच्यावर एक लहान कठडा. तिथूनच म्हणे किल्ला दिसतो. खाली काठी पिंपात ठेवली, बस आली, स्टेशनावर पोचलो, गाडी वेळेवर लागली.

गाडीत मुलाने फोटो दाखवला. भिंत मोठी, मी बारका, हातात कागद. म्हणाला, गावच्या ग्रुपवर टाकतो, खूश होतील सगळे. गावात अजून मी किल्लेदारच आहे. जी मुलं तेव्हा चड्डीत होती ती आता सरपंच झालीत, त्यांनाही तेच माहीत.

मी म्हणालो टाक. आणि खाली लिही, ही भिंत मी बांधलेली नाही. मी खोटं सांगितलं होतं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. सुनेने मान हलवली. त्याने लिहिलं. मी त्याला वाचून दाखवायला लावलं. बरोबर लिहिलं होतं.

दोन मिनिटांत मोबाइल वाजायला लागला. तो वाचत गेला. किल्लेदार नमस्कार. गावाची शान. एकाने पाच वेळा हात जोडले. एक म्हणाला, काकांचा मोठेपणा बघा, एवढं करून नाही म्हणतात. एक बाई, बायकोच्याच वयाची, हळदकुंकवाला येणारी, तिने नातवाकडून लिहवून घेतलं होतं की आज वैनी पाहिजे होत्या. मुलगा म्हणाला, बाबा, यांना वाटतंय तुम्ही लाजून म्हणताय.

"परत लिहू का?" त्याने विचारलं.

मी म्हणालो राहू दे. मग म्हणालो, लिही.

तो लिहायला लागला. गाडी बोगद्यात शिरली, डब्यात दिवे लागले, आणि तो म्हणाला, जात नाहीये, रेंज गेली.